देठाकडची चकती

मास्तर वेलाच्या मांडवाखाली पालथे पडलेले शेजाऱ्यांना दिसले, ओकून ओकून निपचित झालेले. डॉक्टरांनी इन्स्पेक्टर बाईंना फोन केला. "पोटात विष गेलंय. वाचतील की नाही, संध्याकाळपर्यंत कळेल."

बाई परसात आल्या आणि क्षणभर बघतच राहिल्या. उन्हाळा तोंडावर आलेला, तरी काय तरारली होती ती बाग! पुदिना वाफ्याबाहेर पळत होता, कोथिंबीर गुडघ्याला लागत होती, मांडवाला दुधी लोंबत होते. कुणीतरी इथे जीव ओतला होता.

मास्तरांची मुलगी पायरीवर बसली होती. पंचेचाळिशीची, डोळे कोरडे ठणठणीत.

"घरात कोण कोण?"

"बाबा आणि मी. तिसरं माणूस फिरकत नाही."

"दुपारचं जेवण?"

"बाबांनीच रांधलं. दुधीची भाजी. मी सकाळीच बाहेर पडले होते."

"मग विष कुठून आलं?"

"शेजारचे काका कुंपणावरून औषध फवारतात. किती भांडणं झाली त्यावरून!"

बाईंनी कोथिंबिरीचं पान उलटलं. मागे मावा वळवळत होता. पुदिन्यावर अळी मजेत चरत होती. औषधाचा थेंबही पडलेला नव्हता.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मिठाच्या बरणीवर मास्तरांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'दोघांना एक चमचा, सपाट.'

"हे कशाला?"

"दोन वर्षांपूर्वी तापात बाबांची चव गेली. गोड, कडू, काही म्हणता काही कळत नाही. म्हणून मोजून घालतात."

बाईंनी कचऱ्याचा डबा उपडा केला. सालींत दुधीची देठाकडची चकती निघाली, दातांनी तोडलेली. शेजारी चघळून थुंकलेला तुकडा. चकतीच्या दुसऱ्या कडेला बोट लावून त्यांनी जिभेवर टेकवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

मग त्या मुलीशेजारी पायरीवर येऊन बसल्या.

"दुधी चिरताना आधी तुकडा चाखतात. कडू निघाला तर फेकतात, कारण तो विषारी असतो. पण ज्याला चवच नाही तो कशाला चाखेल? आणि चाखलाच, तर थुंकेल कशाला? हा दुधी ज्याने चाखला त्याला तो कडू लागला, तरी त्याने तो फोडणीला टाकला. घरात माणसं दोन. तिसरं फिरकत नाही, हे तुम्हीच सांगितलंत."



"तीन स्थळं आली होती मला," ती म्हणाली. "चांगली. दर वेळी बाबा म्हणायचे, तू गेलीस तर वाफ्यांना पाणी कोण घालणार? हसत म्हणायचे हो! गेल्या महिन्यात परगावी नोकरी लागली, तेव्हाही तेच. आज दुधी चाखला, तर कडूजहर. फेकणारच होते."

"मग?"

"खिडकीतून बाबांची हाक आली. 'पाइप आण गं.'"

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी ऐकून घेतलं.

"वाचले. जबाबही दिलाय. 'दुधी मीच चिरला, मीच रांधला,' म्हणतात. 'मुलीला त्रास देऊ नका, तिला घरीच राहू द्या.'" बाईंचा आवाज नरमला. "पाठीशी घातलंय त्यांनी तुम्हाला."

"बघितलंत? आताही सोडत नाहीत." ती उठली, पायांत चपला सरकवल्या. "चला बाई. मी केलंय, लिहून घ्या. मला इथे ठेवू नका."