डाव्या बरगडीखाली

जेसल पार्कच्या त्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मी गेले ती साध्या दुखण्यासाठी. भर दुपार होती. डाव्या बरगडीखाली काही दिवस जड जड वाटत होतं, एवढंच. एकटीच जाणार होते, पण यतीन, माझा नवरा, हाफ डे टाकून बरोबर आला. अपघातापासून तो मला फार जपायचा.

त्या अपघाताचं सांगायला हवं. उत्तनच्या उतारावर आमची गाडी उलटली, यतीन चालवत होता. डाव्या बरगडीखालची माझी प्लीहा फाटली, ऑपरेशन करून काढावी लागली. मागच्या सीटवर इशिता होती, माझी धाकटी बहीण. ती जागच्या जागी गेली, म्हणून आधी तुला उचललं, असं यतीनने मला नंतर सांगितलं. त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून मी रडले होते.

सोनोग्राफीच्या खोलीत काळोख होता. एसीचा गारठा. डॉक्टर भूमिकांनी पोटावर थंडगार जेल लावलं आणि मशीन बरगडीखाली फिरवलं.

"प्लीहा नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर, माझी प्लीहा काढलीय."

त्यांनी पोटावरचा व्रण पाहिला. मग परत स्क्रीन.

"कधी कधी एखादा तुकडा राहतो, तो वाढतो. पण ही तर अख्खी आहे... मुठीएवढी. जुनं झालेलं रक्त गाळते ना ती, थांबा, रक्त वाहतंय का बघू."

त्यांनी मशीनवर रक्तप्रवाहाचा आवाज सुरू केला. सूं... सूं... आणि त्या बंद खोलीत वास आला, वाळत घातलेल्या बोंबलांचा. उत्तनच्या रस्त्यावर येतो तसा. आवाज हळूहळू तुटायला लागला, कुणी धापा टाकत बोलावं तसा.

"ताई... मी हाका मारत होते गं... जिजूंनी बघितलं माझ्याकडे... आणि गाडीचं दार लावून घेतलं..."

मी मान वळवली. यतीन भिंतीला चिकटून उभा होता. तो माझ्याकडे बघतच नव्हता, स्क्रीनकडे बघत होता.

"इशू, तू पोलिसांना सांगणार होतीस ना..." तो पुटपुटला. "मी प्यायलो होतो ते..."

"ती जिवंत होती?" मी विचारलं.

तो दार उघडून निघून गेला. मी तशीच पडून राहिले. इतके महिने मी कोणाच्या खांद्यावर रडत होते, एवढंच डोक्यात येत होतं.

आता मी हाटकेशला आईकडे राहते. दुसरीकडे तपासून घेतलं, बरगडीखाली काहीच नाही. पोलिसांकडेही जाऊन आले. पुरावा काय, म्हणतात.

परवा यतीनचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"नीलम, माझ्या पोटात दोन प्लीहा दिसताहेत... डॉक्टर म्हणाले, श्वासाबरोबर प्लीहा वरखाली होते. एक होते तशी."

"आणि दुसरी?"



"मी श्वास रोखून धरला होता, नीलम... तरी ती हलत होती."