मॅक्रो पुन्हा कुणी सुरू केला?

"माझो भाव पडूक नाय, ताई. तेका कोणीतरी ढकलल्यान."

लक्ष्मी एवढंच बोलली. गिरगावातल्या त्या छोट्या डिटेक्टिव्ह ऑफिसात उर्वी जयकर आणि तिचे सहकारी रामदास परब तिच्यासमोर बसले होते. परब निवृत्त हवालदार. त्यांनी पोलिसांचं म्हणणं ऐकलं होतं : डिलाईल रोडवरच्या जुन्या इमारतीचा कुजलेला कठडा मोडला, आणि तिचा भाऊ हितेंद्र दोन इमारतींमधल्या घरगल्लीत पडला.

हितेंद्र त्याच इमारतीतल्या एका खासगी संस्थेत मूत्रपिंडाची वाट पाहणाऱ्या रुग्णांची क्रमवारी सांभाळायचा. एक्सेलमधला त्याचा मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, प्रत्येकाचे गुण मोजून रुग्णाच्या घरच्यांना त्याचा नंबर मेलनं कळवायचा. त्या दिवशी क्रमवारीत काहीतरी चुकतंय म्हणून तो मॅक्रो तपासत होता.

"मीटिंगभर त्याचे मेल येत होते, ताई," परब म्हणाले. "म्हणजे तोवर तो जिवंत. आणि संस्थेतली बाकी तिघं खाली मीटिंगमध्ये. अपघातच दिसतोय."

उर्वी उठली. "चला, बघू तरी."

वरच्या मजल्यावर, हितेंद्रच्या खोलीबाहेर, कोंदट अंधार होता. मोडक्या कठड्याखाली घरगल्लीचं काळं पाणी दिसत होतं. कुणी पडलं तर आवाजही वर येणार नाही, इतकी ती खोल आणि अरुंद होती.

हितेंद्रची सहकारी पूर्वी अजून हादरलेली होती. "एकेका नावाशी तो मॅक्रो थांबवणार होता. गुण तपासायचे, मग बटण दाबून पुढे जाऊ द्यायचं. मी शीवच्या लॅबला निघाले तेव्हा त्यानं सुरुवातही केली नव्हती. परतले ती थेट मीटिंगलाच."

"मॅक्रो थांबला की काय दिसतं?"

"त्या ओळीवर पिवळी पट्टी येते. काम संपलं की जाते."

पोलिसांनी काढलेल्या फोटोत पडदा पांढरा होता. पट्टी कुठेच नव्हती.

डॉक्टर कादंबरी मीटिंगपर्यंत खालच्या डायलिसिसच्या खोलीतून हलल्या नव्हत्या. दोन नर्सेस सोबत होत्या. "मेलची प्रत आम्हालाही येते," त्या म्हणाल्या. "मीटिंगमध्ये फोन वाजतच होते. घड्याळासारखे. त्याआधी दुपारी मात्र कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं."

व्यवस्थापक जयवंत राणे शेवटी आले. "मी त्या दिवशी वर गेलोच नाही. मला त्या कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही हो. बिचारा, त्या पिवळ्या पट्टीसमोर डोकं धरून बसला होता आणि..."

उर्वीनं त्यांना थांबवलं नाही. फक्त लक्ष्मीसकट सगळ्यांना वर बोलावलं.

"हितेंद्र हातानं तपासत होता तेव्हा मेल वेळीअवेळी गेले," ती म्हणाली. "मीटिंगमध्ये ते सारख्या अंतरानं आले. म्हणजे बटण दाबणारं कुणी नव्हतंच. थांबायच्या खुणा काढून कुणीतरी मॅक्रो मोकळा सोडला आणि खाली येऊन बसलं. फोन वाजत होते तेव्हा हितेंद्र या गल्लीत पडलेला होता."

पूर्वीनं तोंडावर हात ठेवला.

"पट्टी दिसली ती फक्त मॅक्रो थांबलेला असताना. पूर्वी त्याआधीच गेल्या, डॉक्टर खाली होत्या. आणि फोटो काढला तेव्हा पडदा पांढरा होता. मग राणेसाहेब, वर न येता तुम्हाला ती कुठे दिसली?"

उर्वीनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"कॉम्प्युटर कळत नाही म्हणता, पण मॅक्रो तपासून घेतला तर त्यात एक जादा ओळ निघाली. एकाच रुग्णाला वाढीव गुण देणारी. ती रुग्ण तुमची पत्नी."

"सुमतीला डायलिसिस सहन होत नव्हतं," राणे पुटपुटले. "तो म्हणाला, ओळ काढतो. मी हात जोडले. ऐकेना. मी ढकललं."

परबांनी दार अडवलं आणि पोलिसांना फोन लावला.

"ती ओळ नसती तर पहिलं नाव कुणाचं?" लक्ष्मीनं विचारलं.

पूर्वीनं ओळ पुसून मॅक्रो चालवला. "माहीमच्या सुमेधा तांडेल."

"मग तेंका कळवा. माझ्या भावाचा काम पुरा करा."

डॉक्टरांनी स्पीकरवर फोन लावला. बराच वेळ रिंग गेली. मग एका पुरुषाचा थकलेला आवाज आला.

"सुमेधा? मूत्रपिंडाची वाट बघत ती सोमवारी गेली, मॅडम. तुमचा मेल आला होता. दुसरा नंबर होता तिचा."

पहिला होता सुमतीचा.