ठमीच्या सोळा मात्रा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी शाळेत बँड शिकवते, भुताखेतांच्या गोष्टी रचायला मला वेळ नाही.

शनिवार होता. दुपारचे चार. शाळेच्या सभागृहात मुलांचा कार्यक्रम.

चारशे वर्षांपूर्वीचं एका युरोपीय दरबारी नृत्याचं संगीत मी मुलांना झेपेल असं सोपं करून लिहिलं होतं. मधल्या सोळा मात्रा एकट्या ओबोच्या, म्हणजे विलायती सनईच्या. आणि ओबो वाजवायची एकच जण... माझी भाची, ठमी.

दोन महिन्यांपूर्वी ती तापाने गेली.

मी रडले नाही. पार बधीर झाले होते. लोक म्हणाले, काळजाचा दगड केलाय हिने. असेल.

वहिनीने, ठमीच्या आईने, एकच मागितलं. "तिचा तुकडा दुसऱ्या कुणाला देऊ नकोस गं. तेवढा रिकामा ठेव."

"शब्द देते," मी म्हटलं.

तालमीत त्या सोळा मात्रा मी नुसता हात हलवायची. ड्रमचा हलका ठेका, बाकी मुलं निमूट मोजत बसायची.

ओबोच्या तोंडाशी बसवून फुंकायची पत्ती वाजवण्याआधी पाण्यात भिजवावी लागते. ठमीची पत्ती डबीत, डबी कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली माझ्याकडे.

शुक्रवारी सहज डबी उघडली...

पत्ती ओली होती.

मी ती पुसली आणि कुलूप लावलं. घाबरायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

शनिवारी त्या मात्रा आल्या. मुलांची वाद्यं मांडीवर. ठमीची खुर्ची रिकामी.

मी मोजत होते. एक... दोन...

ड्रमवाली पोरगी मध्येच ठेका जरा संथ करू लागली. कुणाची तरी साथ करत असल्यासारखा.

मला काहीही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगते.

कार्यक्रम संपला. वहिनी समोर आली, डोळे लालभडक.

"दिलासच ना शेवटी दुसऱ्या कुणाला, पडद्यामागे बसवून?"

"अगं, कुणीच वाजवलं नाही!"

"मी काय बहिरी आहे? शेवटच्या सुराला ठमीचा श्वास कधी पुरला नाही. आज पुरला. ती ठमी नव्हती."

तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाही.

मी शब्द मोडला नाही, हे तिला सांगायचंय. पण मग पोर अजून कुठेतरी एकटीच बसून सराव करतेय, हे तिच्या आईला कोणत्या तोंडाने सांगू?

आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही...

तिला ओबो मी शिकवला. मग मलाच कसं ऐकू आलं नाही?