उंबरठ्याचे पाच सेंटिमीटर

२०५२ साल. दवाखान्यातून कुमुदआजी गेल्याचा फोन आला, तेव्हा भास्करआजोबा तिची चाकाची खुर्ची पुसत बसले होते. संध्याकाळी बियाणे-केंद्राचा पहारेकरी इरण्णा भेटायला आला. डोळे पुसत म्हणाला, "रोज सकाळी बाईंच्या खुर्चीची पुढची चाकं मीच उंबरठ्यावरून उचलायचो."

केंद्रात काम करत असलेल्या अकरा वर्षांत कुमुदने हे कधी सांगितलं नव्हतं. केंद्राच्या दारापुढचा उतार (रॅम्प) तर नियमात बसत होता. तो दरवर्षी तपासणारा 'तपाशा' रोबो आजोबांनीच बनवला होता. मग खुर्ची अडत होती कुठे?

तेराव्यानंतर आजोबा रिकामी खुर्ची आणि नात शर्वाणीला घेऊन केंद्रावर गेले. त्याच दिवशी तपासणी होती. सोमवारी आजीच्या जागी एक नवी मुलगी येणार होती, तीही चाकाच्या खुर्चीतूनच.

शर्वाणीने खुर्ची उतारावरून सहज वर नेली. एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी दिली की दम लागत नाही, असं आजोबांनी सांगितलं. पण दारात खुर्ची खट्कन अडली. समोर हळदकुंकू लावलेला दगडी उंबरठा होता. इमारत मंजूर झाल्यावर वास्तुशांतीच्या वेळी बसवलेला.

"एवढासा तर आहे," शर्वाणी म्हणाली.

आजोबा खाली वाकले. पुढच्या चाकाची त्रिज्या (मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर) सहा सेंटिमीटर, उंबरठा पाच. त्याची कड जवळजवळ चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर येते. मग ढकलण्याचा बहुतेक सगळा जोर दगडालाच लागतो, चाक वर उचलायला फारसा उरत नाही.

तपाशाचा हिरवा दिवा लागला. "उतार योग्य. उंबरठा माझ्या यादीत नाही."

आजोबांचा चेहरा उतरला. नियमात लिहिलं होतं की कामगाराला रस्त्यापासून टेबलापर्यंत एकट्याने जाता आलं पाहिजे. त्यातला फक्त उतार त्यांनी यंत्रात घातला होता, कारण तो मोजायला सोपा होता.

व्यवस्थापक गुळवे म्हणाले की उंबरठा रीतीचा आहे आणि उचलायला कोणी ना कोणी मिळतंच. आजोबांनी खुर्ची दारात आडवी लावली आणि स्वतः तिच्यात बसले.

"अहो भास्करराव, लोकांनी आत कसं जायचं?"

"खुर्चीसकट मला उचलून. कोणी ना कोणी मिळतंच की."

इरण्णा तोंड फिरवून हसला. उचलायला मात्र कोणी पुढे आलं नाही.

बसल्या जागेवरून आजोबांनी यादी सांगितली आणि शर्वाणीने ती तपाशात भरली: उंबरठा, प्रत्येक दाराची रुंदी, वळायला जागा, टेबलाची उंची. दिवा लाल झाला, म्हणजे केंद्र तपासणीत नापास. गुळव्यांनी गवंड्याला बोलावलं. दगड निघाला. हळदकुंकू इरण्णाने चौकटीला लावलं.

मग शर्वाणी खुर्चीत बसली आणि कोणाचाही हात न लागता आजीच्या टेबलापर्यंत गेली. नवी यादी राज्यातल्या चारशे तपाशांकडे रवाना झाली.

दिवा मात्र लालच राहिला. खुर्ची पासष्ट सेंटिमीटर रुंद आहे. स्वच्छतागृहाचा दरवाजा अजून साठच आहे.