अस्वलानं जावं की राहावं?

मी टेबलाखाली बेडूक होऊन बसले होते, तेव्हा वर्गाचं दार उघडलं. आधी खडूनं पांढरे झालेले बूट दिसले, मग गुडघे, मग वाकून आत डोकावणारा एक अनोळखी चेहरा.

"इथल्या मॅडम कुठं भेटतील?"

"डराँव," मी म्हणाले. सुरू केलेला बेडूक असा अर्ध्यावर कसा सोडणार? माझे विद्यार्थी तोंडावर हात दाबून हसत होते.

"मी पलीकडं गणित शिकवतो. म्हणजे... शिकवायचा प्रयत्न करतो. मधली भिंत नुसत्या फळ्यांची आहे हो! माझा भागाकार रंगात येतो आणि इकडून बेडूक ओरडतो."

"मग, बाकी किती उरली?"

तो लाजला! चक्क कानांपर्यंत लाल झाला आणि दार लावून पळाला.

पुढं प्राथमिक शाळेत शिकवणार असलेल्यांना मी बालसाहित्य आणि लेखन शिकवते. माझ्या माघारी सगळे मला 'गोष्टीबाई' म्हणतात. तो रजेवर गेलेल्या गणिताच्या बाईंच्या जागी आला होता, सत्र संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वारी पुन्हा दारात.

"त्या बेडकाचं पुढं काय झालं? माझा वर्ग विचारतोय."

"वर्ग विचारतोय... की तुम्ही?"

"...मी."

मग तो रोजच यायला लागला. तास संपले की रिकाम्या वर्गात खिडकीशी बसायचा आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या गोष्टी मी त्याला वाचून दाखवायचे. तिरपं पिवळं ऊन, त्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि त्याचं ते ऐकणं... हनुवटी तळहातावर टेकून, पापणीही न हलवता. वाचता वाचता माझी ओळ चुकायची. माझी, गोष्टीबाईची! "अगं, चहात मीठ घातलंस," घरी आई म्हणाली, आणि मी तो तसाच पिऊन टाकला.

सत्र संपत आलं आणि त्याला दूरच्या शहरातून कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"जाऊ का?" त्यानं विचारलं.

आणि मी मोठी शहाणी! म्हणाले, "जा की. कायमची नोकरी कुणी सोडतं का?"

मग "बरं" म्हणून निघून गेला. मला तो हवा होता हो, आणि तेवढं सोडून मी सगळं बोलले होते. घरी जाऊन इतकी रडले, इतकी रडले, की सकाळी घसा पार बसलेला.

नेमकं त्याच दिवशी शेजारच्या शाळेतली पहिलीची मुलं येणार होती. मी त्यांना गोष्ट वाचून दाखवायची आणि विद्यार्थ्यांनी मागं बसून बघायचं, असं ठरलेलं. मुलं येऊन बसली आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. खाणाखुणा झाल्या, पळापळ झाली, आणि माझ्या आगाऊ विद्यार्थिनींनी पलीकडून त्यालाच ओढून आणलं. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही हात लगेच काढून घेतला नाही.

गोष्ट माझीच, पण त्याची ओळख होण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली. अस्वल आणि काट्याकाट्यांची साळू शेजारी राहतात. डोंगरापलीकडं भरपूर मध आहे असं कळतं, अस्वल निघतं, साळू हात हलवते. संपली गोष्ट. मी मुलांच्या शेजारी जमिनीवर बसले. तो पाढे म्हटल्यासारखं वाचत होता, तरी मुलं जिवाचा कान करून ऐकत होती. शेवटचं पान आलं आणि तो थांबला.

"गेलं का अस्वल?" पुढचा दात पडलेल्या एका मुलीनं विचारलं.

"पुस्तकात जातं. पण खरं सांगू? त्याला जायचं नाहीये."

पुस्तकातलं सोडून एक शब्द बोलायचा नाही, हा माझा कडक नियम! मागं माझे विद्यार्थी ताठ होऊन बसले.

"का नाही जायचं?"

"त्याला साळू आवडते. खूप आवडते." त्यानं पुस्तक मिटलं आणि सरळ माझ्याकडं बघितलं. "मध काय, इथंही मिळेल थोडाफार. पण काल तीच म्हणाली... जा."

"उगाच म्हणाली असेल," एक मुलगा म्हणाला. "आमची ताई पण म्हणते."

"तुम्ही परत विचारा ना तिला," दात पडलेली म्हणाली.

"राहू का?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं... नुसती हवा आली.

"बोलत का नाही ती?"

"घसा बसलाय तिचा," तो हळूच म्हणाला.

ती मुलगी एकदम माझ्याकडं वळली. कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "मग मान हलवता येत नाही का?"

मी हलवली. केसांतली पिन निसटून खाली पडली तरी हलवतच राहिले.