बाबांच्या मशीनचे सेल

वैदेही, दार लोटून घे आणि बस इथे. स्वानंद, तूही ये. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं नाही. पण ज्याच्यावर गुदरलं तो श्यामसुंदर ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि थापा मारणारा माणूस नव्हता तो.

शहाण्णव सालातली सर्वपित्री अमावास्या. शनिवार. ऑफिसातून नेरूळला, जुनी मिठागरं बुजवून बांधलेल्या आपल्या सोसायटीत परतताना श्यामसुंदर सेल घ्यायला दुकानात शिरला. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. दुकानदार हसला, "काय साहेब, सेल खाता की काय?"

श्यामसुंदरचं डोकं फिरलं.

त्याच्या वडिलांना ऐकू यायचं नाही. कानाचं मशीन होतं, खिशात ठेवायचं, वायर कानापर्यंत. त्यातला बारका सेल सारखा संपायचा. म्हणून श्यामसुंदरने डोकं लढवलं. एका प्लास्टिकच्या डब्यात टॉर्चचे तीन मोठे सेल असे जोडले, की जोर तेवढाच, पण पुरावेत महिना महिना. डब्याची वायर मशीनला. बाबा तो डबा कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे.

महिना कसला! रात्री नवे सेल घालावेत, सकाळी डबा मेलेला. वायर बदलली. मशीन दाखवून आणलं. कुठे काही दोष नाही.

घरात पाऊल टाकताच तो ओरडला, "बाबा, रात्री मशीन बंद करा! किती वेळा सांगू?"

"काय?"

"मशीन! बंद!"

"अहो, हळू," बायको जयमाला आतून म्हणाली. "सगळ्या सोसायटीला ऐकू जातंय. झोपताना मी स्वतः बंद करते."

"मग सेल कोण संपवतं? मी?"

म्हातारा ओशाळला. "मी परत चालू करतो, श्याम. दिवसा माझ्याशी कोण बोलतं? रात्री ती बोलते."

"ती कोण?"

"नाव नाही सांगत. घाईत असते."

 श्यामसुंदरने नवे सेल घातले, स्विच स्वतःच्या हाताने बंद केला आणि बाबांच्याच खोलीत चटई टाकली.

रात्री लाइट गेली. पंखा थांबला. आणि बारीक शिट्टीसारखा आवाज आला... मशीनचा. त्याने चाचपून पाहिलं. स्विच बंद होता. बाबा गाढ झोपलेले. कानातली गुंडी उशीवर पडली होती. त्याने ती आपल्या कानात घातली.

आधी वारा. मग पाणी. मग एक बाई... लांबून, धापा टाकत...

"उठ रं... बांद फुटलाय... पानी आलंय..."

कुठला तरी रेडिओ पकडतंय, त्याला वाटलं. वैतागून डबा उघडला. सेल काढले. एक. दोन. तीन.

"...उठ..."

आता जवळून.

"ऐकतोस ना? मंग उठत का नाय?"

त्याने गुंडी ओढून फेकली. मागे पलंग करकरला. बाबा उठून उभे होते.

"आलो, आलो," ते म्हणाले.

आणि निघाले. गॅलरीकडे. तिसरा मजला...

श्यामसुंदरने त्यांच्या कमरेला मिठी घातली. त्या हाडांच्या माणसात एवढी ताकद कुठून आली... "सोड! पोरं बुडतील तिची! सोड, श्याम!" जयमाला धावत आली. दोघांनी उजाडेपर्यंत त्यांना धरून ठेवलं.

बाबांनी पुन्हा मशीन कानाला लावलं नाही. दोन महिन्यांत सगळ्या कुटुंबाने ती जागा सोडली. त्यानंतर श्यामसुंदर रोज संध्याकाळी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन दिवसभराचं सगळं ओरडून सांगायचा. न चिडता.

पण त्या अमावास्येनंतरच्या सोमवारी... तो सेलचा डबा त्याने ऑफिसात आणला. म्हणाला, "उघड."

आत पांढरं, ओलं काहीतरी गच्च भरलेलं. मी म्हटलं, सेल फुटले असतील.

"सेल घरी आहेत. कोरडे."

मी चिमटीत घेतलं. जाड खडे. जिभेला लावलं.

मीठ होतं...