राखण

रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण आला, की मिरजेच्या उपचार केंद्रात आता आधी त्याच्या पोटाची चौकशी होते. आतड्यांतले जिवाणू आपल्या रसायनांनी रक्तपेशींना सतत हाका मारत असतात. त्यांतल्याच एकाला माणसाळवून तीस वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी ‘राखण’ हा जिवाणू घडवला. त्याची हाक ऐकली की शरीराचा पहारा जागा होई आणि कर्करोगाच्या पेशी मारल्या जात. रेवती कुंभोजकर सातव्या वर्षी त्यामुळेच वाचली होती.

आता तिची सहा वर्षांची जुई त्याच आजाराने खाटेवर होती, आणि कारण होती राखणच. बाळाला जन्मताना आईचे जिवाणू मिळतात, तशी जुईला ती मिळाली. पण जन्मापासूनच्या सोबत्यावर पहारा कशाला उठेल? त्या हाकेने जुईच्या रक्तपेशी तेवढ्या बेसुमार वाढत सुटल्या.

डॉक्टर नसीमा मुजावरांनी जुईचं आतडं दोनदा धुऊन काढलं. दोन्ही वेळा राखण महिन्याभरात परतली. घरात जुईचं ताट वेगळं होतं, पेलाही वेगळा. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, ती जेवते कशी? रेवतीने सरळ सांगितलं, की आजारी पोर एकटी जेवत नाही, एक घास आईने खाल्ला तरच दुसरा घेते. आईचं कुठे उष्टं असतं? एवढी शिकलेली बाई, पण त्या घासांतून आपली राखण पोरीच्या पोटात जाते, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती ढसाढसा रडली.

नुसतं उष्टं टाळून भागणार नव्हतं, आईच्या हातातून, मुक्यातूनही राखण पोचणार होती; म्हणून डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. जुईचं शरीर पक्कं होईपर्यंत तिला दहा वर्षं आत्याकडे ठेवायचं, आईने जवळ जायचं नाही. किंवा औषध देऊन रेवतीच्या पोटातली राखण मारायची. मग पहारा झोपणार, तिचा जुना आजार उठणार, आणि ती जगणार फार तर दोन वर्षं.

“रेवतीताई, पहिली वाट धरा. पडद्यावर रोज दिसेल ती तुम्हाला.”

“पडद्यावर बातम्या देणारी बाईसुद्धा रोज दिसते, डॉक्टर.”

“दहा वर्षांनी तिला आई तर असेल.”

“असेल, पण ओळखीची नसेल.”

डॉक्टरांनी आठ दिवस विचार करायला सांगितलं. रेवतीने संमतिपत्र पुढे ओढलं आणि औषधाच्या पर्यायासमोर सही केली.

“सहाव्या वर्षी सुटलेली माणसं पोरं विसरतात,” ती म्हणाली. “दोन वर्षांनी ती आठ वर्षांची होईल. तेव्हा गेले तर मी तिला आठवेन.”